अनारशाची जाळी आणि खडूचा तुकडा: लहानपणी वाहणारा कान हाडात काय लिहून ठेवतो

अकरा वर्षांच्या एका मुलाचा सीटी स्कॅन मी त्याच्या आईला दाखवत होते. फिल्म उजेडाला धरली की कवटीचा आडवा काप दिसतो आणि दोन्ही बाजूंना, कानाच्या मागे, मॅस्टॉइड नावाचं हाड दिसतं. त्याच्या डाव्या बाजूचं हाड अनारशासारखं होतं. बारीक बारीक काळी भोकं आणि त्यांच्यामध्ये पांढऱ्या रेषांच्या भिंती. उजवीकडे मात्र खडूचा तुकडा ठेवावा तसं सलग पांढरं, मध्ये एकच छोटीशी पोकळी, तीही राखाडी. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “मॅडम, दोन्ही कान एकाच पोराचे. मग ह्यो असा आन् त्यो तसा कसा?”

हाच प्रश्न कानाच्या डॉक्टरांनी शंभर वर्षं एकमेकांना विचारला आहे. त्याचं उत्तर घराघरात पोचावं असं मला मनापासून वाटतं, कारण बिघाड सुरू होतो तो फार लवकर, मूल स्वतः काही सांगू शकत नसतं तेव्हा.

या मुलाचा उजवा कान वर्षाचा असल्यापासून वाहत होता. पहिल्यांदा वाहिला तेव्हा आजी म्हणाल्या होत्या, “दात येत्यात, कान वाहायचाच.” मग कापसाचा बोळा, लसूण घालून कोमट केलेलं तेल. थांबला. पुढच्या पावसाळ्यात सर्दी झाली, पुन्हा वाहिला. मेडिकलमधून थेंब आणले, पुन्हा थांबला. असं चालत राहिलं. दुखत नव्हतं, म्हणून कुणाला घाई वाटली नाही.

आधी हे हाड समजून घेऊ. तुमच्या कानाच्या पाळीमागे बोट ठेवा, एक टणक उंचवटा लागेल. तो मॅस्टॉइड. घरात तीन-चार महिन्यांचं बाळ असेल तर त्याच्याही कानामागे हलकेच बोट फिरवून बघा. तिथे सपाट लागेल. जन्मतः तो उंचवटा नसतोच. बाळ मान धरतं, बसतं, आवाज आला की वळून बघतं, आणि मान वळवणारा जाड स्नायू या हाडाला खाली ओढत राहतो. त्या ओढीने पहिल्या वर्षानंतर उंचवटा घडत जातो. तोवर चेहऱ्याची नस कानाखाली कातडीच्या अगदी जवळ असते. चिमटा लावून झालेल्या बाळंतपणात कधीकधी बाळाचं तोंड वाकडं होतं ते यामुळेच. तान्ह्या बाळाच्या कानामागे चीर घ्यायची वेळ आली, तर आम्हीही ती मोठ्या माणसासारखी खालपर्यंत नेत नाही.

हे झालं बाहेरून. खरी गंमत आतमध्ये चाललेली असते. कानाच्या पडद्यामागे मध्यकर्ण ही हवेची छोटी खोली असते आणि तिच्या मागे आणखी एक खोली, तिला अँट्रम म्हणतात. ही मागची खोली जन्मतःच जवळजवळ मोठ्या माणसाएवढी असते. फक्त बाळामध्ये तिच्यावरचं हाड जेमतेम २ मिलिमीटर जाड असतं. दर वर्षी साधारण एक मिलिमीटर भर पडत ते मोठेपणी १५ मिलिमीटरपर्यंत जातं. आणि या खोलीभोवतीचं हाड आतून पोखरलं जाऊन त्यात हवेच्या शेकडो कप्प्यांची जाळी तयार होते. हे काम आईच्या पोटात, तेहेतिसाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतं, पण त्याचा मोठा भाग जन्मानंतर होतो. एक्स-रेवर या कप्प्यांनी व्यापलेली जागा मोजली तर पहिल्या वर्षी ती साडेतीन-चार चौरस सेंटिमीटर भरते. मग सहाव्या वर्षापर्यंत ती दर वर्षी सुमारे एक चौरस सेंटिमीटरने वाढते. पुढे वेग मंदावतो आणि वयात येईपर्यंत ती १२ चौरस सेंटिमीटरच्या आसपास पोचते. म्हणजे अंगणवाडी आणि बालवाडीची वर्षं ही या हाडाच्या कोरीव कामाची वर्षं.

हे कोरीव काम कोण करतं? मध्यकर्णाचं अस्तर, म्हणजे गालाच्या आत असतं तशी एक पातळ, ओलसर त्वचा. हाडातल्या मज्जेची जागा हळूहळू मऊ, सैल पेशीजाल घेतं, हाड खाणाऱ्या पेशी वाट मोकळी करतात आणि हे अस्तर त्या मोकळ्या जागेत शिरत जातं. जिथे ते शिरलं तिथे हवेचा कप्पा झाला. पण त्यासाठी दोन गोष्टी लागतात. अस्तर निरोगी हवं आणि आत हवा खेळती हवी. ती हवा येते नाकाच्या मागून निघणाऱ्या एका नळीतून. घाट उतरताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात, तेव्हा हीच नळी उघडलेली असते. तिला युस्टेशियन नळी म्हणतात. मोठ्या माणसात ती साधारण ३६ मिलिमीटर लांब आणि चांगली तिरकी असते. तान्ह्या बाळात लांबी निम्मी आणि नळी जवळजवळ आडवी. त्यामुळे नाकातली सर्दी कानात जायला वाट सोपी आणि कानातलं पाणी निघायला अवघड. सात वर्षांच्या सुमारास नळी मोठ्यांसारखी होते. म्हणजे ज्या वर्षांत हाडाला हवेची सर्वांत जास्त गरज, नेमकी त्याच वर्षांत नळी सगळ्यात कच्ची. यात कुणाचीच चूक नाही. मुलांचे कान वरचेवर दुखतात त्यामागचं मोठं कारण हे आहे.

संसर्ग झाला की अस्तर सुजतं. एरवी कागदासारखं पातळ असलेलं ते जाड होतं, त्यातून चिकट स्राव पाझरतो, आणि सूज महिनोन्‌महिने राहिली तर त्याखाली तंतुमय पेशीजाल, मांसल दाणे तयार होतात. असलं अस्तर हाडात शिरू शकत नाही. कोरीव काम थांबतं. बरं, एवढ्यावरच थांबत नाही. सततच्या सुजेमुळे हाड उलट्या दिशेने वागायला लागतं आणि जिथे आधी कप्पे झाले होते तिथेही नवं हाड जमा होतं. फिल्मवरचा तो खडूचा तुकडा असा तयार होतो. आम्ही त्याला घट्ट किंवा हस्तिदंती मॅस्टॉइड म्हणतो. साधारण दर दहांपैकी आठ जणांचं हाड जाळीदार असतं, उरलेल्यांत मज्जा राहिलेली असते किंवा ते घट्ट असतं.

इथे एक गैरसमज आधीच दूर करते. कानाची हाडं म्हटलं की शाळेत शिकलेली हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन आठवतात. पालक विचारतात, “इन्फेक्शनमुळे ती वाढायची राहतील का?” नाही राहणार, कारण त्यांची वाढ जन्मापूर्वीच संपलेली असते. अंगावरची बाकीची बहुतेक हाडं वाढत जातात, पण ही तिन्ही जन्मतःच मोठ्या माणसाच्या मापाची असतात. तुमच्या तान्ह्या बाळाची रिकीब, शरीरातलं सर्वांत छोटं हाड, सुमारे ३ मिलिमीटर, तुमच्या रिकिबीएवढीच आहे. मला आजही हे नवल वाटतं. आतल्या कानाभोवतीचं कवच तर पोटातच, सहाव्या महिन्यापर्यंत, पूर्ण मापाचं झालेलं असतं आणि इतकं टणक असतं की हजारो वर्षांपूर्वीच्या सांगाड्यातून डीएनए काढायचा असेल तर शास्त्रज्ञ पहिल्यांदा त्याच्याकडे वळतात.

त्या तीन हाडांना संसर्गाचा धोका वेगळा आहे. त्यांची झीज होते. ऐरणीचा एक लांब, सुईसारखा पाय असतो. त्याच्या टोकाला रिकीब जोडलेली असते. या टोकाला रक्तपुरवठा अगदी बेताचा. पू आणि दाणे वर्षानुवर्षं भोवती राहिले की पहिल्यांदा हेच टोक विरघळतं. साखळीची एक कडी तुटते. पडद्याचा कंप रिकिबीपर्यंत पोचत नाही आणि ऐकू येणं ५०-६० डेसिबलपर्यंत खाली येऊ शकतं. शेजारी बसून कुणी नेहमीच्या आवाजात बोललं तरी नीट कळत नाही इतकं.

आता आईच्या प्रश्नाकडे. १९१८ साली कार्ल विटमाक या जर्मन डॉक्टरांनी ठामपणे मांडलं की तान्हेपणातल्या मध्यकर्णाच्या सुजेमुळे हाडात हवा भरायची राहते. १९४० साली स्वीडनचे डायमंट म्हणाले, उलट आहे. कप्प्यांचं आकारमान वंशपरंपरेने ठरतं, आणि ज्यांचं हाड मुळातच घट्ट असतं त्यांचे कान जास्त वाहतात. आधी कोंबडी की आधी अंडं, तसा हा वाद. दोघांकडेही खरे मुद्दे होते. सगळं काही संसर्गामुळेच होतं असं मीही म्हणणार नाही, कारण ज्यांचा कान कधीच वाहिला नाही अशांमध्येही कप्प्यांच्या मापात खूप फरक सापडतो.

पण एकाच माणसाचे दोन कान हा या वादातला सर्वांत बोलका साक्षीदार आहे. दोन्हींना आईबाप तेच, घर तेच, आहार तोच. एकच कान वर्षानुवर्षं वाहिलेला असला, तर त्या बाजूचे कप्पे चांगल्या बाजूपेक्षा कमी भरलेले दिसतात. माझ्या समोरची फिल्म हेच सांगत होती. दुसरा साक्षीदार म्हणजे दुभंगलेल्या टाळूची मुलं. नळी उघडणारे स्नायू टाळूत असतात. टाळू दुभंगली की ते नीट ओढू शकत नाहीत, मध्यकर्णात पाणी साचून राहतं, आणि या मुलांचं मॅस्टॉइड इतरांपेक्षा लहान भरतं. डुकराच्या कानाच्या हाडातही अशीच जाळी असते. जपानी संशोधकांनी पिलांच्या मध्यकर्णात सूज निर्माण करून बघितली. सूज जितकी जास्त, तितकी जाळी कमी.

ग्रीनलंडमधल्या इन्युइट या मूळ रहिवासी समाजाच्या मुलांमध्ये कान वाहण्याचं प्रमाण आज फार मोठं आहे. डॅनिश संशोधकांनी तिथल्या जुन्या कवट्यांचे एक्स-रे काढून हवेच्या कप्प्यांचं क्षेत्रफळ मोजलं, त्या काळच्या मुलांचे कान किती बिघडत असतील याचा अंदाज बांधण्यासाठी. नाव नाही, भाषा नाही, औषधाचा कागद नाही. पण पहिल्या पाच-सहा वर्षांत कानाचं काय झालं याची नोंद हाडात राहिलेली.

ही जाळी नसली तर बिघडतं काय? कान ऐकतो तो जाळीमुळे नाही, हे खरं. पण कप्प्यांमधली हवा मध्यकर्णाची शिल्लक असते असं मानतात. भरल्या हंड्यातून फुलपात्रभर पाणी काढलं तर कळतही नाही, तेच तांब्यातून काढलं तर तळ दिसायला लागतो. सर्दीत नळी बंद झाली की अस्तर आतली हवा शोषत राहतं. जाळीदार हाडात साठा मोठा म्हणून दाब हळू घसरतो. घट्ट हाडात तो पटकन घसरतो आणि पडदा आत ओढला जातो. वारंवार ओढला गेलेला पडदा एका जागी पिशवीसारखा आत जाऊन तिथे कातडीचा मळ साठायला लागला की त्याला कोलेस्टिॲटोमा म्हणतात. तो हाड कुरतडत जातो, क्वचित चेहऱ्याच्या नसेपर्यंत, मेंदूच्या आवरणापर्यंत. म्हणजे संसर्गाने जाळी खुंटते आणि खुंटलेल्या जाळीने कान पुढच्या संसर्गाला मोकळा होतो.

घाबरवायचा माझा हेतू नाही. शाळेत जायच्या आधी एकदाही कान दुखला नाही असं मूल विरळाच. सर्दी झाली, रात्री कान ठणकला, तीन-चार दिवसांत बरं वाटलं, पुढे कान कोरडा राहिला, अशा आजाराने हाडाचं काही बिघडत नाही. काळजी दोन गोष्टींची. एक, पुन्हा पुन्हा वाहणारा किंवा सतत ओला राहणारा कान. दुसरी गोष्ट फसवी आहे, कारण ती दिसतही नाही आणि दुखतही नाही. पडद्यामागे पातळ किंवा गोंदासारखं घट्ट पाणी साचून राहतं. मूल हाक मारली तर बघत नाही, टीव्हीचा आवाज वाढवतं, “काय?” “काय?” करतं, तोंड उघडं ठेवून झोपतं. घरचे म्हणतात, लक्षच नाही त्याचं. या पाण्यामुळे ऐकू येणं साधारण २५-३० डेसिबलने कमी झालेलं असतं. बहुतेक मुलांमध्ये हे पाणी तीन महिन्यांत आपोआप ओसरतं, म्हणून तेवढं थांबून पुन्हा तपासतात. नाही ओसरलं आणि ऐकूही कमी येत असेल, तर पडद्याला बारीक नळी बसवायची की ॲडिनॉइड, म्हणजे नाकाच्या मागच्या भागातल्या गाठी, काढायचे याचा विचार होतो. नळी बसवली म्हणून हाडाची वाढ हमखास भरून निघते असं मी कुणाला सांगत नाही, अभ्यासांचे निष्कर्ष सारखे नाहीत. पण मुलाला ऐकू यायला लागतं, आणि बोलायला शिकायच्या वयात ते पुरेसं कारण आहे.

२००४ साली जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट वाहणाऱ्या कानाचा आढावा घेतला, तेव्हा सर्वांत जास्त प्रमाण असलेल्यांच्या यादीत ग्रीनलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी समाजांबरोबर भारताचं नाव होतं. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं, आणि मध्यकर्णाचा संसर्ग त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. कान वाहून गेला असेल तर तो आज कोरडा असला तरी तोंडाने सांगा. न्यूमोकोकल लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते. ती कानाच्या सगळ्या जंतूंवर नाही, पण एका मोठ्या जंतूवर चालते. पहिले सहा महिने अंगावरचं दूध, पाजताना बाळाचं डोकं वर. दुधाची बाटली तोंडात देऊन आडवं झोपवायचं नाही. चुलीच्या आणि विडी-सिगारेटच्या धुरापासून बाळ लांब.

आणि कानात काहीही घालायचं नाही. आजीच्या हातचं तेल मायेचं असतं, हे मला मान्य आहे, माझ्याही कानात ते पडलेलं आहे. पण पडद्याला भोक असेल तर तेल थेट मध्यकर्णात जातं, त्याच सुजलेल्या अस्तरावर. कान वाहतोय म्हणजे पडद्याला भोक आहे, असंच धरून चाला. दात येण्याने कान वाहत नाही. दात येण्याचं वय आणि कान बिघडायचं वय एक आहे, एवढंच. कानामागे सूज आली, कान पुढे ढकलल्यासारखा दिसायला लागला, ताप चढला किंवा तोंड वाकडं झालं तर मात्र सकाळची वाट बघू नका. बाळाचं हाड पातळ असतं, पू त्यातून कातडीखाली यायला वेळ लागत नाही.

त्या मुलाचं ऑपरेशन केलं. जाळीदार हाड कोरताना ड्रिलचा आवाज पोकळ येतो, पाण्याची धार सोडली की एकेक कप्पा उघडत जातो, ओल्या मधाच्या पोळ्यासारखा. या कानात तसं काही नव्हतं. पांढरा, ओला भुगा निघत राहिला आणि खाली पुन्हा तेच सलग हाड. अशा हाडात मेंदूचं आवरण खाली उतरलेलं असतं, मोठी रक्तवाहिनी पुढे सरकलेली असते, म्हणून हात सावकाश चालवावा लागतो. अँट्रमपर्यंत पोचायला नेहमीपेक्षा खूप वेळ लागला. आतली सूज साफ केली. ऐरणीच्या पायाचं टोक गेलेलं होतं. उरलेली ऐरण बाहेर काढून तिला घासून आकार दिला आणि हातोडा व रिकीब यांच्यामध्ये बसवली. कानावरच्या स्नायूचं पातळ आवरण घेऊन पडदा शिवल्यासारखा सांधला. तीन महिन्यांनी ऐकण्याची तपासणी झाली तेव्हा आलेख बराच वर आला होता. हाड मात्र तसंच राहील, त्यात आता जाळी व्हायची नाही. हेही मी आईला सांगितलं.

त्या दिवशी तिच्या कडेवर धाकटी होती, नऊ महिन्यांची. मी तिच्या कानामागे बोट ठेवलं. सपाट, मऊ. आजी शेजारीच उभ्या होत्या. मी दुर्बीण लावायच्या आधीच त्या म्हणाल्या, “खालचे दोन आल्यात बघा दात. कान नाय वाहिला. आन् तेल बी नाय घातलं.” मी आत बघितलं. दोन्ही पडदे मोत्यासारखे राखाडी, चमकदार, मागे स्वच्छ हवा.